पार्थर्नाक्सला मारायचं की नाही, आणि ग्रेबियर्ड्स त्याच्याकडून नक्की काय शिकले?

कोकणकडा

स्कायरिम या व्हिडिओ गेमवर इथे बरेच धागे आहेत पण ते सगळे बिल्ड कुठलं घ्यायचं आणि मॉड कुठले टाकायचे याचे. मला डोंगरावरच्या मंडळींबद्दल बोलायचंय. गेम ११ नोव्हेंबर २०११ ला आलाय, त्यामुळे गोष्ट लपवून लिहिणार नाही, ज्यांचा मेन क्वेस्ट, म्हणजे मुख्य कथा, बाकी आहे त्यांनी इथूनच मागे फिरा.

ज्यांनी खेळला नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. टॅम्रिएल खंडातला सगळ्यात उंच डोंगर म्हणजे थ्रोट ऑफ द वर्ल्ड. त्याच्या उतारावर, बर्फात, हाय ह्रॉथगार नावाचा दगडी मठ. तिथे चार म्हातारे राहतात: अर्नगेर, बोरी, आयनार्थ, वुल्फगार. हे ग्रेबियर्ड्स. ड्रॅगनांच्या भाषेतले शब्द उच्चारून शक्ती निर्माण करायची विद्या, जिला गेममध्ये शाउट म्हणतात, ती यांच्याकडे आहे पण ते ती वापरत नाहीत. दिवसभर गुडघ्यावर बसून ध्यान. आणि मठाच्याही वर, जिथे वादळी धुक्यामुळे साधा माणूस पोचूच शकत नाही, तिथे त्यांचा गुरू एकटाच राहतो. तो माणूस नाही, ड्रॅगन आहे. पार्थर्नाक्स. जगाचा घास घ्यायला निघालेल्या अल्डुइनचा एकेकाळचा उजवा हात.

आता मुद्दा. बहुतेक चर्चा एकाच प्रश्नावर अडकते, की ब्लेड्सवाले (ड्रॅगन मारणारा जुना पंथ) डेल्फिन आणि एस्बर्न सांगतात म्हणून याला मारायचं की सोडायचं. मला त्याच्या आधीचा प्रश्न पडतो. मला मनापासून असं वाटतं की गुरू आणि शिष्य एकच वाट चालतायत असं दिसतं खरं, पण दोघांना ती वाट वेगळीच कळलेली आहे. शिष्यांनी मौनालाच शेवटचा मुक्काम मानलं. गुरूसाठी मौन म्हणजे रोज स्वतःला आवरायचं साधन आहे. तो स्वतःच सांगतो की मूळ स्वभावाकडे परत जावं असा मोह झाला नाही असा एकही दिवस जात नाही. हजारो वर्षं तपश्चर्या करून असं सांगणारा गुरू, आणि त्याच्या पायथ्याशी बसलेले शिष्य ज्यांना मोहच होत नाही कारण ते कुठल्या प्रसंगाला तोंडच देत नाहीत.

पुरावा हवा असेल तर ड्रॅगनरेंडचा प्रसंग आठवा. अल्डुइनला जमिनीवर पाडणारा तो एकमेव शाउट, त्याबद्दल विचारल्यावर अर्नगेर भडकतो आणि सरळ म्हणतो की जगाचा अंत व्हायचाच असेल तर होऊ दे, नवं जग जन्माला येईल. इतका सज्जन माणूस, आणि खाली जळणाऱ्या गावांबद्दल हे उत्तर! हाच प्रश्न घेऊन पार्थर्नाक्सकडे गेलं तर तोही पुढच्या कल्पाची गोष्ट काढतो, तुम्ही नवं जग जन्मायचं थांबवणार का असं विचारतो, पण उत्तर ऐकून घेतो. मला हे जग आवडतं म्हणून ते संपायला नकोय, एवढं साधं उत्तर दिलं तरी ते कारण त्याला पुरतं. आणि मग तो मदत करतो.

तुमचं काय मत?

---

धुकं

वा, मस्त विषय. मला मारायचं की नाही यापेक्षा तो चढच जास्त आवडतो त्यामुळे त्याबद्दल लिहिते.

इव्हरस्टेड गावातून सात हजार पायऱ्या सुरू होतात (नाव सात हजार, प्रत्यक्षात गेममध्ये त्याच्या कितीतरी कमी आहेत). वाटेत दहा शिलालेख. बहुतेक जण बर्फातल्या त्या ट्रोलच्या धास्तीने पळत सुटतात आणि शिलालेख वाचायचे राहून जातात. दहाही वाचले की व्हॉइस ऑफ द स्काय नावाचा आशीर्वाद मिळतो, गेममधला एक दिवसभर रानातली जनावरं तुमच्यावर हल्ला करत नाहीत आणि तुम्हाला बघून पळतही नाहीत. मला हे फार सुंदर वाटतं. तीर्थयात्रेचं फळ काय, तर लांडगा शेजारून निघून जातो.

आणि आता कोकणकडा यांच्या मुद्द्याला धरून एक गोष्ट. चौथ्या शिलालेखात पार्थर्नाक्सचं नाव स्पष्ट कोरलेलं आहे! काईन देवीने त्याला हाक मारली, त्याला माणसांची दया आली आणि दोघांनी मिळून माणसांना शाउट शिकवले असं तिथे आहे. म्हणजे ज्या गुरूबद्दल अर्नगेर इतकी गुप्तता पाळतो त्याचं नाव वाटेवर कुणालाही वाचता येईल असं उघड्यावर आहे, पण तो अजून जिवंत आहे आणि वर बसलाय एवढंच कुणी सांगत नाही. मठाने गुरूची आठवण लपवली नाही, गुरू लपवला.

बाकी क्लिमेकबद्दल पण कुणीतरी लिहा.

---

तिखटजाळ

क्लिमेकबद्दल मीच लिहितो. इव्हरस्टेडचा कोळी. सुकी मासळी, खारवलेलं मांस असलं टिकाऊ सामान पिशवीत भरून तो मठाबाहेरच्या पेटीत ठेवून येतो. तुम्ही वर निघालात की ती पिशवी तुमच्याकडे देतो. हा क्वेस्ट पाच मिनिटांचा, लोक विसरून पण जातात, पण माझ्या मते ग्रेबियर्ड्सचा अख्खा मठ त्या पेटीवर उभा आहे. जगाशी काही घेणंदेणं नाही म्हणणाऱ्यांचं जेवण जगातूनच येतंय, आणि आणून देणारा पायऱ्या चढून चढून थकलाय.

ग्रेबियर्ड्सवर माझा खरा राग आहे तो उल्फ्रिकमुळे, म्हणजे स्कायरिममधल्या बंडखोरांच्या नेत्यामुळे. त्याला लहानपणी निवडून वर नेलं, जवळजवळ दहा वर्षं शिकवलं, मग गेमच्या जगातलं महायुद्ध सुरू झाल्यावर तो उतरून गेला. पुढे त्याने तीच विद्या वापरून हाय किंग टोरिगला मारलं आणि त्यातून अख्खी यादवी पेटली. अर्नगेरला हे आवडलेलं नाही हे दिसतं, पण केलं काय? वर बसून राहिले. हत्यार बनवायचं, ते दुसऱ्याच्या हातात द्यायचं आणि मग आम्ही शांततावादी म्हणायचं, हे मला पटत नाही. पुढे सीझन अनएंडिंग नावाच्या क्वेस्टमध्ये तह करायला उल्फ्रिक आणि साम्राज्याचा जनरल टुलियस त्याच मठात समोरासमोर बसतात तेव्हा अर्नगेरच्या बोलण्यातली नाखुषी ऐका. त्याला घर विटाळल्यासारखं वाटतंय. अरे पण तुझाच शिष्य आहे ना तो!

---

रात्रपाळी

मी दुसऱ्या बाजूने लिहितो कारण इथे सगळेच पार्थर्नाक्सचे भक्त दिसतायत.

डेल्फिनला लोक शिव्या घालतात, तिचा स्वभाव आहेही तसाच, पण तिची मागणी अचानक आलेली नाही. ब्लेड्सचं ठाणं असलेल्या स्काय हेवन टेम्पलला ॲटलास ऑफ ड्रॅगन्स नावाचं पुस्तक वाचायला मिळतं, दुसऱ्या युगात तयार झालेली ड्रॅगनांची यादी. त्यात पार्थर्नाक्सची नोंद आहे: अल्डुइनचा सेनानी, सध्या ग्रेबियर्ड्सच्या आश्रयाला, आणि त्यांच्याशी उघड भांडण न काढता न्याय करायची संधी मिळेपर्यंत थांबायचं असं धोरण. म्हणजे ही फाइल शेकडो वर्षं उघडी आहे. डेल्फिन फक्त ती बंद करू बघतेय.

इथे वाल्याचा वाल्मिकी झाला असं कुणीतरी म्हणणारच, म्हणून आधीच बोलतो. आपल्याकडच्या त्या गोष्टीतला महत्त्वाचा भाग तपश्चर्या नाहीच. महत्त्वाचा भाग हा की वाल्या घरी जाऊन विचारतो, माझ्या पापात तुमचा वाटा आहे का, आणि बायकापोरं नाही म्हणतात. पाप ज्याचं त्यालाच उभ्याने ऐकावं लागतं. पार्थर्नाक्सने ज्यांच्यावर अत्याचार केले त्यांच्या वंशजांसमोर तो कधी उभा राहिला? त्याने माणसांची बाजू घेतली, शाउट शिकवले, मान्य. युद्ध संपल्यावर मात्र सरळ शिखर गाठलं आणि भोवती चार भक्तांचं कुंपण. तप आहे पण जाब नाही. मेलेल्या लोकांच्या वतीने विचारणारं कुणी असेल तर ते ब्लेड्सच आहेत, आवडोत वा न आवडोत.

मी प्रत्येक वेळी मारत नाही, पण मारणाऱ्याला मूर्ख समजणं बंद करा.

---

धुकं

@रात्रपाळी, जाब नाही हे पूर्ण बरोबर नाही. तुम्ही त्याला ब्लेड्सबद्दल सांगितलंत की तो स्वतःची वकिली करतच नाही. उलट ड्रॅगनवर विश्वास न ठेवणंच शहाणपणाचं असं म्हणतो. आपल्याला मारायला आलेल्यांचा संशय रास्त आहे असं म्हणणारा आरोपी मी तरी दुसरा पाहिला नाही. आणि मग तो विचारतो, जन्मतः चांगलं असणं मोठं की वाईट स्वभावावर कष्टाने मात करणं मोठं. प्रश्न विचारतो, उत्तर तुमच्यावर सोडतो.

---

रात्रपाळी

कबुली आणि जाब देणं वेगळं ना पण. कबुली तो तुमच्याकडे देतोय, तुम्ही ड्रॅगनबॉर्न (ड्रॅगनचा आत्मा घेऊन जन्मलेला, म्हणजे खेळाडूचं पात्र), त्याच्याच जातीचे म्हणावेत असे. खालच्या एखाद्या शेतकऱ्याला कोण विचारतंय.

---

जुना पीसी

मध्येच विचारतोय माफ करा. पहिल्यांदाच खेळतोय, पार्थर्नाक्सला वाचवायचं ठरवलंय, ब्लेड्सकडून काय काय हातचं जाईल?

---

तिखटजाळ

@जुना पीसी एकदा त्यांनी मागणी केली आणि तू मारलं नाहीस की डेल्फिन आणि एस्बर्न तुला काहीच मदत करत नाहीत. क्वेस्ट लॉगमध्ये तसाच पडून राहतो, मेन क्वेस्ट अडत नाही. त्यामुळे एस्बर्नकडून ड्रॅगन रिसर्चचं औषध हवं असेल (ड्रॅगनच्या चावण्या-ओरबाडण्याने होणारं नुकसान २५ टक्के कमी होतं) तर तो विषय निघायच्या आधीच उरकून घे. आणि मारलंस तर ग्रेबियर्ड्स दार बंद करतात, मग अर्नगेर नवीन शाउटच्या जागा सांगत नाही.

गेममध्ये ब्लेड्सना ठणकावून नाही म्हणायची सोय नाही हा माझ्या मते सगळ्यात मोठा दोष. तू त्यांचा ड्रॅगनबॉर्न, ते तुझ्या सेवेसाठी म्हणवतात, आणि आज्ञा तेच देतात. पीसीवर आहेस तर पार्थर्नाक्स डिलेमा नावाचा मॉड आहे, त्यात तशी सोय केलीय.

---

शाईपेन

धागा फार आवडला. मी शाळेत शिकवते, त्यामुळे मला या सगळ्यात शिकवण्याच्या दोन पद्धती दिसतात आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहावंसं वाटतंय.

मठातली पद्धत बघा. तुम्ही आत गेलात की तुमच्यात ड्रॅगनबॉर्नचा गुण आहे का याची आधी परीक्षा होते. मग आयनार्थ जमिनीकडे बघून एक शब्द पुटपुटतो, फरशीवर तो शब्द कोरल्यासारखा उजळतो, तुम्ही जवळ जाऊन उभं राहता आणि शब्द तुमच्यात येतो. अर्नगेर सांगतो की इतरांना यासाठी वर्षानुवर्षं लागतात. मग समोर एक धूसर आकृती उभी करतात, तिच्यावर शाउट मारायचा. पुढे अंगणात वुल्फगार वाऱ्यासारखा फाटकातून पलीकडे जाऊन दाखवतो आणि मग तुम्ही ते करायचं. शिस्तीतला वर्ग आहे तो. विद्या, प्रात्यक्षिक, सराव. आणि शेवटी पंथाचा संस्थापक युर्गेन विंडकॉलर याचं शिंग थडग्यातून आणून द्यायची परीक्षा.

आता शिखरावर काय होतं? पार्थर्नाक्स म्हणतो, आधी रीतसर भेट होऊ दे. दगडी भिंतीवर आगीचा शब्द तो तुमच्यासाठी उमटवतो, आणि मग सांगतो की हा माझ्यावरच वापर. गुरू स्वतःच्या अंगावर आग घ्यायला उभा आहे! पहिल्यांदा खेळणारा कितीतरी वेळ बटण दाबत नाही, कारण ज्याला भेटायला एवढा डोंगर चढून आलो त्याच्यावर आग कशी ओकायची. आणि ती आग अंगावर घेतल्यावर तो खूश होतो, इतक्या काळाने आपल्या जातीच्या कुणाशी तरी बोलायला मिळालं म्हणून. तिथे मला पहिल्यांदा जाणवलं की हा किती एकटा आहे. चार शिष्य आहेत पण त्यांच्यापैकी कुणीच त्याला असं उत्तर देऊ शकत नाही.

पुढेही तो शब्दांची यादी देत बसत नाही. फुस (जोर), फेम (विरून जाणं), योल (आग) या तीन शब्दांपैकी एकावर मनन कर म्हणतो, एका वेळी एकच घेता येतं. फुसवर मनन केलं की तुमचा तोल २५ टक्के कमी ढळतो आणि समोरच्याचा तेवढाच जास्त, योलवर केलं की आग २५ टक्क्यांनी तीव्र होते. नवीन काही मिळत नाही, जे येतंय तेच खोल जातं.

म्हणून कोकणकडा यांचं म्हणणं मला पटतं पण एक दुरुस्ती. शिष्यांना काहीच कळलं नाही असं नाही. अर्नगेर ड्रॅगनरेंड शिकवायला नकार देतो तेव्हा त्याचं कारण नीट ऐका. अल्डुइनच्या जुलमाखाली आयुष्य काढलेल्या माणसांनी सगळा द्वेष त्या शाउटमध्ये ओतला, आणि शाउट शिकणं म्हणजे तो द्वेष स्वतःच्या आत घेणं. हे त्याचं म्हणणं खरंच आहे, आणि यात शिष्याची काळजी आहे. मग आयनार्थ, जो कधीच बोलत नाही, तो ड्रॅगनांच्या भाषेत त्याला दोन वाक्यं सुनावतो. आवाज कुजबुजीएवढा, पण अख्खा मठ हादरतो. अर्नगेर लगेच नमतं घेतो आणि गुरूकडे जायचा रस्ता उघडतो. शिष्यांपैकी एकाला तरी कळलं होतं की कधी बोलायचं.

---

कोकणकडा

@शाईपेन आयनार्थचा प्रसंग मी या नजरेने पाहिलाच नव्हता, फारच छान. दहाव्या शिलालेखात हेच आहे की, खरी गरज असेल तेव्हाच बोला. आयनार्थने ती गरज ओळखली.

@रात्रपाळी तुमचा जाबाचा मुद्दा पचायला जड आहे आणि तो असाच इथे राहू द्या, मला तो खोडायचा नाही. पण शेवट बघा. सोवनगार्डमधून (मेलेल्या वीरांचा परलोक, जिथे अल्डुइनचा शेवट होतो) परत आल्यावर शिखरावर ड्रॅगन घिरट्या घालत असतात. अल्डुइन त्याचा भाऊ, त्याचं दुःख पार्थर्नाक्स लपवत नाही, आणि मग म्हणतो की आता मी यांना व्हॉइसची (शाउटच्या विद्येची) वाट शिकवणार, आणि पंख पसरून निघून जातो. म्हणजे ज्या दिवशी त्याची खरी गरज पडली त्या दिवशी त्याने शिखर सोडलं. कुणी हाकललं नाही, कुणी बोलावलंही नाही.

---

रात्रपाळी

ते मान्य. पण लगेच ओडाविंग हा दुसरा ड्रॅगन काय म्हणतो तेही लिहा, की म्हाताऱ्याला शुभेच्छा, पण अल्डुइनची सत्ता जाऊन याच्या वाटेची जुलूमशाही यावी असं फारसं कुणाला वाटणार नाही. ड्रॅगनांनाच शंका आहे. पार्थर्नाक्सचा शब्द ड्रॅगन ऐकणार असतील तर ते त्याची शिकवण पटली म्हणून का तो आता सगळ्यांत बलवान उरलाय म्हणून, हे गेम सांगत नाही. मला तिथे भीती वाटते.

---

धुकं

हो, हे वाक्य ऐकताना माझ्याही अंगावर काटा येतो. अर्नगेरचा आवाज क्रिस्टोफर प्लमरचा आणि पार्थर्नाक्सचा चार्ल्स मार्टिनेचा, म्हणजे वर्षानुवर्षं मारिओला आवाज दिलेला माणूस. एवढा थकलेला, खोल आवाज त्याचा आहे यावर आधी विश्वासच बसत नाही.

---

फासेवाला

मी डी अँड डीचा (टेबलाभोवती बसून गोष्ट रचत खेळायचा खेळ) मास्टर, शनिवारी रात्री टेबल असतं. माझ्या जगात असाच एक डोंगरावरचा तपस्वी आणि त्याचे चेले आणायचेत, म्हणून हा धागा दोनदा वाचला. मला नेहमी अडचण येते ती अशी की प्लेअर वर पोचले की तपस्वी ज्ञान वाटतो, ते वही काढून लिहून घेतात, आणि संपलं. तुम्ही लोक काय कराल?

---

तिखटजाळ

@फासेवाला पेटीपासून सुरू कर. कोण जेवण पोचवतं ते ठरव. गावातल्या एका माणसाला त्या मठाबद्दल प्रेम आणि कंटाळा दोन्ही असू दे. मग त्यांचा एखादा बिघडलेला शिष्य खाली राजकारणात सोड. प्लेअरना तपस्वी भेटायच्या आधी त्याचे परिणाम भेटले पाहिजेत.

---

शाईपेन

आणि चेल्यांमध्ये मतभेद ठेवा, पण ते बोलून दाखवू नका. चौघांतला एकच बोलतो म्हणून प्लेअर त्यालाच प्रमुख समजतील, त्याच्याशीच वाद घालतील. मग जो गप्प आहे त्याला योग्य वेळी एकच वाक्य द्या. युर्गेन विंडकॉलरची गोष्ट पण वापरण्यासारखी आहे: रेड माउंटनच्या लढाईत हरला, आपले एवढे बलवान आवाज का कमी पडले याचा सात वर्षं विचार केला, आणि खाली आल्यावर सतरा जण त्याच्यावर शाउट करत असताना हा गप्प राहिला, त्यांना त्याला हरवता आलं नाही. पंथाचा जन्म पराभवातून झाला असेल तर त्याला वजन येतं.

---

रात्रपाळी

माझं एकच. तपस्वीच्या जुन्या पापाचा एक जिवंत साक्षीदार ठेवा. पुस्तकातली नोंद नको, माणूस. म्हातारी असेल, आंधळी असेल, पण ती पायथ्याशी राहत असेल आणि तिला वर चढवत नसेल. प्लेअर तिला पाठीवर घेऊन वर नेतात का बघा.

---

फासेवाला

@रात्रपाळी हे घेतलं. या शनिवारी गाव आणि पेटी, म्हातारी पुढच्या वेळेला. चेले तिला दारात अडवतील, आणि गप्प राहणारा चेला बाजूला सरकून वाट देईल. वर गेल्यावर तपस्वी काय बोलेल ते मी लिहून ठेवणार नाहीये, म्हातारीचं काम कुणातरी प्लेअरलाच देतो आणि तिला जे विचारायचंय ते विचारू देतो. काय झालं ते रविवारी इथेच टाकतो.